एका मुलाच्या चार फायली

मुलाला आकडी येते म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ लेव्हेटिरॅसिटाम सुरू करतात. औषध गुणाचे आहे, आकड्या थांबतात. मात्र काही मुलांमध्ये त्याने चिडचिड आणि आक्रमकपणा वाढतो, हे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. काही आठवड्यांत मूल वर्गात शेजारच्याला चावते, घरी भिंतीवर डोके आपटते. शाळा म्हणते, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यांची ओपीडी वेगळ्या इमारतीत, वेगळ्या वारी. मूल स्वमग्न आहे हे त्यांच्यासमोरच्या कागदावर दिसते. आकडीच्या औषधाची चिठ्ठी दुसऱ्या फायलीत, घरी राहिलेली असते. आक्रमकपणा आवरावा म्हणून रिस्पेरिडोन लिहून दिले जाते. मूल शांत होते, पण भूक खवळते, वजन वाढते, दिवसा डोळ्यांवर झापड येते. असे पेंगुळलेले मूल थेरपीत साथ देत नाही, अशी नोंद ऑक्युपेशनल थेरपिस्ट करते. वर्गात लक्ष नसते, अशी तक्रार शिक्षिका करतात आणि मग अतिचंचलतेच्या गोळीचा विषय निघतो. या साखळीत कोणीच बेपर्वाई केलेली नाही. प्रत्येकाने आपापल्या विषयापुरते योग्य तेच केले. पूर्ण मूल मात्र कोणाच्याच टेबलावर आले नाही.

ज्या घरांत एकाच मुलाच्या नावापुढे स्वमग्नता, अतिचंचलता, अपस्मार, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, चिंताविकार यांपैकी दोन-तीन निदाने लिहिलेली आहेत, त्या घरांना ही साखळी पाठ आहे. आरोग्य, शिक्षण आणि दिव्यांग कल्याण या तिन्ही यंत्रणा निदानानुसार विभागलेल्या आहेत. त्यांना जोडण्याचे काम आज राज्यात एकच व्यक्ती करते: त्या मुलाची आई. तिला त्यासाठी प्रशिक्षण नाही, वेतन नाही, रजा नाही आणि बहुतेक रात्री पुरेशी झोपही नाही. ही त्या कुटुंबाची खासगी अडचण समजून समाज आणि सरकार इतकी वर्षे बाजूला उभे राहिले. ती मुळात सार्वजनिक व्यवस्थेची उणीव आहे. तिची किंमत मुलांच्या आयुष्यातून वसूल होते आहे आणि ती भरून काढण्यासाठी हाती असलेला काळ वेगाने संपतो आहे, हे या अग्रलेखातून आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

अशी मुले अपवादानेच सापडतात, असा एक समज आहे. विज्ञान उलटे सांगते. स्वमग्न मुलांमध्ये अतिचंचलता मोठ्या प्रमाणावर आढळते. अपस्माराचे प्रमाण इतर मुलांच्या तुलनेत कितीतरी पट असते. झोपेच्या आणि पचनाच्या तक्रारी तर जवळपास घरोघरी. तरीही वैद्यकशास्त्राला हे मान्य करायला वेळ लागला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदान-नियमावलीची १९९४ ची चौथी आवृत्ती सांगत असे की, मूल स्वमग्न ठरले तर त्याला अतिचंचलतेचे वेगळे निदान देऊ नये. जगभरातल्या डॉक्टरांनी तो नियम पाळला आणि दोन्ही अवस्था असलेल्या मुलांची एक पिढी अर्ध्याच उपचारांवर वाढली. मे २०१३ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने ती अट काढून टाकली. त्याआधी तीन वर्षे, २०१० मध्ये, स्वीडनमधील गोथेनबर्गचे बालमनोविकारतज्ज्ञ ख्रिस्तोफर गिलबर्ग यांनी ‘इसेन्स’ ही मांडणी केली होती. लहान वयात बोलणे, हालचाल, लक्ष, झोप, वागणूक यांपैकी एका बाबतीत अडचण दिसली तर इतर बाबतींतही ती असण्याची शक्यता दाट असते. म्हणून अशा मुलाला एकाच तज्ज्ञाकडे न पाठवता सुरुवातीपासून अनेक तज्ज्ञांनी मिळून पाहावे, असा तिचा आशय होता.

परदेशातले हे निष्कर्ष आपल्याला कशाला, असे म्हणण्याचीही सोय उरलेली नाही. पालवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षे वयाच्या सुमारे ४ हजार मुलांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. दृष्टी आणि श्रवणदोषांपासून स्वमग्नता, अपस्मार, अतिचंचलतेपर्यंतच्या नऊ अवस्थांपैकी किमान एक अवस्था ६ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये ठिकाणानुसार ६.५ ते १८.५ टक्के इतक्या प्रमाणात आढळली. आपल्या विषयासाठी त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे: अशा मुलांपैकी जवळपास एक पंचमांश मुलांमध्ये एकाहून अधिक अवस्था होत्या. म्हणजे अशा प्रत्येक पाच मुलांमागे एक मूल असे, ज्याला एका खिडकीवर एकच चिठ्ठी देणारी व्यवस्था पुरी पडणारच नाही.

एकत्र आलेल्या अवस्था नुसत्या शेजारी बसत नाहीत. त्या एकमेकींना झाकतात. अपस्माराच्या एका प्रकारात मूल काही सेकंद शून्यात पाहत राहते. शिक्षकांना ते दुर्लक्ष वाटते, डॉक्टरांना अतिचंचलतेचा एक प्रकार वाटू शकतो. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलाची दाढ दुखत असते किंवा बद्धकोष्ठ झालेले असते. ते सांगता येत नाही म्हणून ते ओरडते, मारते, आणि त्या दुखण्याची नोंद ‘वर्तनसमस्या’ म्हणून होते. ऐकू कमी येणारे मूल हाकेला ओ देत नाही, म्हणून त्याला स्वमग्न ठरवले जाण्याचा धोका असतो. स्वस्त म्हणून आजही वापरले जाणारे फेनोबार्बिटोन काही मुलांची चंचलता वाढवते. एकदा एक निदान कागदावर आले की पुढची प्रत्येक तक्रार त्याच निदानाच्या खात्यात टाकण्याची सवय लागते. ‘ऑटिझम आहे ना, मग असंच वागणार,’ हे वाक्य पालकांनी दवाखान्यात, शाळेत, नातेवाइकांत असंख्य वेळा ऐकलेले असते. त्या एका वाक्याने किती दुखणी तपासायची राहून गेली, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

आता कायद्याकडे पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रवर्ग होते. स्वमग्नता त्यात नव्हती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रवर्ग २१ झाले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आल्या, हे मोठे पाऊल होते. पण अतिचंचलतेला त्या यादीत जागा मिळाली नाही आणि अपस्मारालाही नाही. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. दोन नोंदीत दिव्यांगत्वांचे टक्के एकत्र करण्याचे सूत्र नियमांत दिलेले आहे, मात्र यादीबाहेरच्या अवस्थेचा त्या सूत्रात शिरकाव होत नाही. त्यामुळे सौम्य स्वमग्नता, तीव्र अतिचंचलता आणि औषधांना न जुमानणाऱ्या आकड्या असे तिन्ही असलेले मूल प्रमाणपत्राच्या हिशेबात केवळ सौम्य स्वमग्न ठरते. ज्या मुलाला एक मिनिट एकटे सोडता येत नाही, त्याचा दाखला ४० च्या खाली राहू शकतो. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र तर आठव्या वर्षाआधी मिळतच नाही आणि पुढे १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी लागते. निदान हे वैद्यकीय बाब आहे. मदत मात्र त्या मुलाला रोजच्या जगण्यात किती आधार लागतो, यावर ठरली पाहिजे. याच कायद्याचे ३८ वे कलम जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी वेगळी तरतूद करते. ते कलम किती पालकांना कोणी समजावून सांगितले आहे?

तपासणीची यंत्रणा आपल्याकडे नाही, असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच महाराष्ट्रातून, फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातील विलंब या चार गोष्टींसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करायची आणि गरज असलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे, अशी ही उत्तम आखणी आहे. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक यांनी एका छताखाली बसावे, हेच तर या मुलांना हवे आहे. पण केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथली बहुतेक पदे कंत्राटी, आणि वाचा-उपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी आठवड्यातून दोन-तीनदा, अनेक महिने घ्यावी लागते. सिरोंचाहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर आहे. तिथल्या मजूर आईला ‘दर मंगळवारी-शुक्रवारी या’ असे सांगणे म्हणजे उपचार नाकारणेच आहे. मूल शोधले, नोंदवले, पाठवले. इथपर्यंत यंत्रणा आपले काम मोजते. ते मूल दुसऱ्यांदा आले का, तिसऱ्यांदा का आले नाही, हे कोणी विचारत नाही.

औषधांचीही हीच कथा. अतिचंचलतेसाठी वापरले जाणारे मेथिलफेनिडेट औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये येते. त्याची विक्री करण्यासाठी दुकानदाराला वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठीची प्रत दोन वर्षे जपून ठेवावी लागते. दुरुपयोग टाळण्यासाठी हे बंधन योग्यच आहे. पण त्यामुळे तालुक्याच्या गावात ते औषध मिळत नाही आणि पालकांना महिन्याकाठी मोठ्या शहराची वारी करावी लागते. जिल्हा रुग्णालयाच्या औषधालयातून नोंदणी झालेल्या मुलांना ते नियमित देता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

शाळेच्या दाराशी ही मुले सर्वांत जास्त दुखावली जातात. महाराष्ट्राने १९९६ मध्येच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती दिल्या. देशात हा विचार आपण आधी केला, याचा अभिमान जरूर असावा. २००७ मध्ये आलेल्या ‘तारे जमीं पर’ने डिस्लेक्सिया घराघरांत पोहोचवला. पण समाजाची सहानुभूती शांत, गुणी, न ओरडणाऱ्या मुलासाठी राखीव राहिली. ज्याला लिहिता येत नाही, त्याला लेखनिक मिळतो. जो वर्गातून पळतो, ओरडतो, चावतो, त्याच्या पालकांना शाळेत बोलावून दाखला काढून न्यायला सुचवले जाते. लेखी काहीच दिले जात नाही. ‘आमच्याकडे याच्यासाठी सोय नाही, तुम्ही याला त्याच्या योग्य शाळेत घाला,’ एवढेच सौम्य आवाजात सांगितले जाते. ती योग्य शाळा कुठे आहे? राज्यातल्या अनुदानित विशेष शाळा अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद अशा प्रवर्गांनुसार उभ्या राहिल्या. बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळा म्हणते, हा फार आक्रमक आहे. स्वमग्न मुलांचे केंद्र म्हणते, याला आकड्या येतात, जबाबदारी कोण घेणार? सर्वसाधारण शाळा शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस, आणायला सांगते आणि तिचा पगार पालकांनी द्यायचा असतो. ज्यांना तो परवडत नाही, त्यांचे मूल घरी बसते. हजेरीपटावर नाव राहते, म्हणून ते शाळाबाह्य मुलांच्या यादीतही येत नाही.

दिव्यांग हक्क कायद्याचे १६ वे कलम शाळांवर समावेशक शिक्षणाचे बंधन घालते. ३१ वे कलम ६ ते १८ वर्षांच्या पात्र दिव्यांग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि वरच्या वर्गांसाठी १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण ठरवून दिले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा त्याच खटल्यात राज्यांना पदे मंजूर करून भरण्याचा आदेश द्यावा लागला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये समूह साधन केंद्रांच्या स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर करण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. आठवड्यातून एकदा येऊन जाणारा शिक्षक अक्षर गिरवून घेऊ शकेल. दुपारच्या सुट्टीतल्या गोंगाटाने हादरलेल्या मुलाला सावरायला त्या क्षणी वर्गात असलेला माणूसच लागतो. म्हणून प्रत्येक सर्वसाधारण शिक्षकाला आकडी आल्यावर काय करायचे, मूल अनावर झाल्यावर काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, याचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. आकडी आलेल्या मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालयात न्यायचे, एवढे तरी प्रत्येक शिक्षकाला ठाऊक हवे. आजही आपल्याकडे चप्पल आणि कांदा हुंगवला जातो.

या सगळ्याच्या मध्यभागी आई-वडील उभे आहेत. मुलाच्या मेंदूतल्या फरकाचा दोष आईच्या माथी मारण्याची रीत जुनी आहे आणि ती केवळ आपलीच नाही. अमेरिकेत ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये पुस्तक लिहून स्वमग्नतेचे खापर थंड, प्रेमशून्य आयांवर फोडले होते. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ मध्येच या कल्पनेला शास्त्रीय उत्तर दिले होते, तरी तिचा घातक प्रभाव पुढे वर्षानुवर्षे टिकला. आपल्याकडे आता शब्द बदलले आहेत. आई नोकरी करते म्हणून, मोबाइल दिला म्हणून, लाड केले म्हणून, धाक नाही म्हणून. भर बाजारात मूल जमिनीवर लोळून किंचाळू लागले की जमलेली माणसे मुलाकडे नव्हे, आईकडे पाहतात. ‘दोन ठेवून द्या, सरळ होईल,’ असा सल्ला अनोळखी माणूसही देतो. लहानपणी ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ म्हणून जी दोन-तीन मोलाची वर्षे निघून गेली, त्यांचाही जाब पुढे तिलाच विचारला जातो. जी व्यवस्था त्या वर्षांत तिच्या दारी पोहोचली नाही, तिला मात्र कोणी काही विचारत नाही.

बहुतेक घरांत आईच नोकरी सोडते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे. खासगी कारखान्यात, दुकानात, शेतावर काम करणाऱ्या आईला असे काहीच नाही. घराचे उत्पन्न घटते नेमके त्याच वेळी, जेव्हा थेरपीचा, औषधांचा, तपासण्यांचा खर्च वाढतो. वडिलांना दोन पाळ्यांत काम करावे लागते, म्हणून तेही मुलापासून तुटतात. मोठी बहीण किंवा धाकटा भाऊ घरातल्या ताणाला सरावतो, आपली परीक्षा, आपला ताप, आपले दुःख सांगणे सोडून देतो. लग्नकार्याची निमंत्रणे येणे कमी होते, मग हे लोक स्वतःच जाणे सोडतात. मुलाच्या तपासणीला आलेल्या आईला ‘तुम्ही झोपता का, तुम्ही कशा आहात’ हे विचारणारा रकाना आपल्या कोणत्याही सरकारी नमुन्यात ठळकपणे दिसत नाही. थकव्याच्या आणि एकटेपणाच्या टोकाला पोहोचलेल्या पालकांच्या हृदयद्रावक बातम्या अधूनमधून येतात, दोन दिवस हळहळ होते आणि विषय संपतो. त्या टोकाच्या फार आधी कोणीतरी त्यांच्याबरोबर असायला हवे होते. ज्यांना आज हे ओझे असह्य होत असेल, त्यांनी ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर जरूर बोलावे. तिथे मराठीतही बोलता येते. मदत मागणे हा कमकुवतपणा नाही.

जिथे व्यवस्था पोहोचत नाही, तिथे बाजार पोहोचतो. स्वमग्नता ‘बरी’ करण्याच्या नावाखाली स्टेम सेलच्या महागड्या उपचारांची जाहिरात वर्षानुवर्षे उघडपणे झाली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही आणि त्यांचा प्रचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. हे समजण्याआधी अनेकांनी जमीन विकली, दागिने मोडले. दुसरीकडे गावोगाव देवऋषी आणि मांत्रिक आहेतच. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला तरी ‘बाहेरचे झाले’ म्हणून मुलाला धूर देणारे संपलेले नाहीत. दोन महिन्यांचा कोर्स करून ‘थेरपी सेंटर’चा फलक लावणारेही वाढले आहेत. पुनर्वसन परिषदेचा १९९२ चा कायदा नोंदणीशिवाय अशी सेवा देण्यास मनाई करतो, पण फलकांची तपासणी करणारे कोणी नाही. पालक भोळे असतात म्हणून फसत नाहीत. ‘हे मूल कसे आहे, त्याला काय लागेल आणि पुढे काय होऊ शकेल’ हे त्यांना शांतपणे, खरेपणाने समजावून सांगणारा माणूस भेटत नाही, म्हणून ते आशा विकणाऱ्याच्या दारात जातात.

विम्याचा आधारही अर्धवट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या २१ व्या कलमाने मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देणे बंधनकारक केले. पण विमा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो आणि या मुलांचा खर्च होतो तो आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या बाह्यरुग्ण उपचारांवर. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते आणि त्यात थेरपीचाही विचार आहे. मात्र ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व या चारच प्रवर्गांसाठी. केवळ अतिचंचलता आणि अपस्मार एकत्र असलेल्या मुलाला तिचे दार बंदच.

आता सर्वांत मोठी धोक्याची सूचना. २०१३ मध्ये, बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला त्या वर्षी पाच वर्षांचे असलेले मूल २०२६ मध्ये १८ वर्षांचे होते. म्हणजे नव्या निदान-नियमांखाली आणि नव्या कार्यक्रमाखाली वाढलेली मुलांची पहिली फळी आता प्रौढ होत आहे. अठराव्या वाढदिवशी बालस्वास्थ्य कार्यक्रम संपतो, शीघ्र हस्तक्षेप केंद्र संपते, मोफत शिक्षणाचा हक्क संपतो, बालरोगतज्ज्ञ ‘आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा’ म्हणतात. मोठ्यांच्या डॉक्टरांपैकी अनेकांनी स्वमग्नता, अपस्मार आणि आक्रमकपणा एकत्र असलेला प्रौढ रुग्ण फारसा पाहिलेला नसतो. आईच्या हाताबाहेर न जाणारे सात वर्षांचे मूल आणि तिच्यापेक्षा दीडपट वजनाचा सतरा वर्षांचा मुलगा यांत मोठे अंतर आहे. वयात येणाऱ्या मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न तर आणखी बिकट. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालकत्व देते. पण पालकत्वाचा कागद म्हणजे राहण्याची जागा नव्हे. ‘आमच्या माघारी याचं काय?’ हा प्रश्न या पालकांच्या प्रत्येक बैठकीत उठतो आणि प्रत्येक बैठक त्याच्या उत्तराविना संपते. आज ज्यांचे वय पन्नाशीत आहे, त्या आई-वडिलांकडे या उत्तराची वाट पाहायला फार वर्षे नाहीत.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, त्यामुळे जबाबदारी कोणाची, हा वाद उरलेला नाही. पहिली मागणी: प्रत्येक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा मुलांसाठी एक समन्वयक नेमावा. सर्व औषधांची, निदानांची, थेरपीची आणि शाळेच्या नोंदींची एकच फाइल त्याने सांभाळावी आणि पालकांना त्याचा दूरध्वनी क्रमांक माहीत असावा. दुसरी: जिल्हा रुग्णालयात महिन्यातून किमान दोनदा संयुक्त ओपीडी भरवावी, जिथे बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि थेरपिस्ट एकाच मुलाला एकत्र पाहतील, मेंदूविकारतज्ज्ञ जिल्ह्यात नसेल तिथे वैद्यकीय महाविद्यालयाने तो दूरचित्र-संवादाने जोडून द्यावा. तिसरी: थेरपी तालुक्यापर्यंत न्यावी. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंतच्या स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. तो एकदाच्या वाटपात संपवण्याऐवजी थेरपिस्टच्या मानधनाला आणि पालकांच्या प्रवासखर्चाला वापरावा.

चौथी: वर्तनाच्या कारणावरून कोणत्याही शाळेला मुलाला तोंडी घरी पाठवता येऊ नये. मुलासाठी लेखी आधार-आराखडा केला, विशेष शिक्षकाची मदत घेतली, याची नोंद दाखवल्याशिवाय दाखला देण्यास शिक्षणाधिकाऱ्यांनी मनाई करावी. पाचवी: अतिचंचलता आणि दीर्घकालीन अपस्मार यांचा दिव्यांग यादीत समावेश व्हावा, यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा, तोपर्यंत राज्याच्या योजनांसाठी मुलाला लागणारा आधार हाच निकष मानावा. सहावी: पालकांना विसावा मिळावा. प्रत्येक जिल्ह्यात काही दिवस मूल सुरक्षितपणे ठेवता येईल असे एक तरी केंद्र हवे, पालकांसाठी समुपदेशन हवे आणि खासगी क्षेत्रातही विशेष रजा हवी. सातवी: मूल सोळा वर्षांचे झाले की अठरानंतरचा आराखडा तयार करणे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रावर बंधनकारक असावे. त्यात पुढचा डॉक्टर कोण, दिवसभर काम काय, राहणे कुठे आणि पालकत्व कोणाचे, हे चारही प्रश्न असावेत.

यात अशक्य कोटीतले काहीच नाही. मुंबईत २००१ पासून काम करणाऱ्या ‘उम्मीद’सारख्या संस्थांनी डॉक्टर, थेरपिस्ट आणि कुटुंब यांनी एकत्र बसून मुलाचा विचार करता येतो, हे दाखवून दिले आहे. पण स्वयंसेवी संस्थांच्या चांगुलपणावर सर्व जिल्ह्यांतल्या मुलांचे आयुष्य सोडता येणार नाही. खर्चाचा मुद्दा पुढे केला जाईल. पाचव्या वर्षी मिळालेल्या दोन वर्षांच्या नियमित थेरपीचा खर्च आणि पुढची चाळीस वर्षे पूर्णपणे परावलंबी असलेल्या प्रौढाचा खर्च यांची तुलना अर्थखात्याने एकदा करून पाहावी.

वाचकांचेही यात कर्तव्य आहे. तुमच्या इमारतीत, तुमच्या मुलाच्या वर्गात असे मूल असेल, तर ‘त्याला दुसऱ्या शाळेत पाठवा’ या अर्जावर सही करू नका. त्याच्या आईला सल्ला देण्याआधी तासभर तिच्या मुलाजवळ बसण्याची तयारी दाखवा. आणि सरकारला आमचे सांगणे असे: कायद्याने या मुलांचे हक्क मान्य केले आहेत, न्यायालयाने प्रमाण ठरवून दिले आहे, केंद्रे नकाशावर आहेत आणि विभागही स्थापन झालेला आहे. उरले आहे ते या सगळ्यांना एका मुलाभोवती एकत्र आणण्याचे काम. ते येत्या अर्थसंकल्पात तरतूद आणि तारखेसह जाहीर करा. यापुढचा प्रत्येक उशीर हा निर्णय मानला जाईल, आणि त्याची जबाबदारी निर्णय घेणाऱ्यांवरच राहील.